कावळ्याला दिलेला शब्द

नानांच्या मोबाईलमधला तो खेळ उडवायला मला चहा उकळेपर्यंतचासुद्धा वेळ लागला नसता. हे मी आजही छातीठोकपणे सांगते. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. वाळवीला हरवलं आहे, गळक्या छताला हरवलं आहे, पुस्तकं परत न करणाऱ्या प्राध्यापकांना तर घरी जाऊन हरवलं आहे. माझ्यापुढे एक शेतीचा खेळ म्हणजे काय चीज! चित्रावर बोट दाबून धरायचं, ते थरथरायला लागलं की कचऱ्याच्या डब्यात टाकायचं. संपलं!

नाना म्हणजे माझे वडील, श्रीरंग. उभं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं. कालवे आखले, कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या चाऱ्या आखल्या, आणि त्यांत पाणी आलं की पेढे वाटायचं ठरवलं. पेढे फार वेळा वाटावे लागले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांना 'सोनमळा' नावाचा खेळ सापडला. त्यात बोट टेकवलं की विहीर लागते, घंटा वाजवली की पाऊस पडतो, आणि सोडलेलं पाणी खरोखर शेवटच्या शेतापर्यंत पोचतं! मग काय, माणूस गेलाच त्यात. मी "नाना, जेवायला चला" म्हटलं की उत्तर यायचं, "थांब, पाणी देतो." औषध घ्या म्हटलं तरी, "पाणी देतो." एकदा वाटलं, चला, निदान औषधासाठी पाणी घेताहेत. तर नाही, तेही उसालाच.

आणि एके दिवशी दुपारी नाना गेले. कुणाला काही न सांगता, चार्जर लावलेला तसाच ठेवून. मला त्यांचा भयंकर राग आला. अजून आहे.

राग एकट्या नानांचाच नव्हता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा होता. "सुटले हो!" असं म्हणणाऱ्यांचा तर फारच. सुटले म्हणजे? कशातून? आमच्यातून? शिवाय उन्हाळा दुष्काळाचा. गारखेड्यात आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही नळाच्या मर्जीने. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर एक उंच इमारत उठत होती आणि तिच्या फलकावर निळाशार तरणतलाव रंगवला होता. आत एक बाई पोहत होती. मी रोज सकाळी रिकाम्या बादल्या घेऊन त्या बाईकडे बघत असे. तिचाही राग!

नानांचा मोबाईल आईने त्यांच्या फोटोपुढे, समईशेजारी ठेवला होता. "त्यांच्या हातातली वस्तू. असू दे तिथंच," एवढंच म्हणाली. नाना गेल्यापासून आई एवढंच बोलली होती, म्हणून मी गप्प बसले. पण नानांना मोतीबिंदू! त्यामुळे खेळातले सगळे निरोप मोठ्या आवाजात वाचून दाखवायची सोय त्यांनी चालू करून ठेवली होती. हे आम्हाला कधी कळलं? खोलीत वीसेक माणसं खाली माना घालून बसलेली असताना!

"नाना! नीरजा उपाशी आहे! नीरजा रुसली आहे! लवकर या!"

आवाज बाईचा. उत्साह लग्नाच्या बँडचा. समोरच्या बाईंनी रुमाल काढला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण नीरजा मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतून डबेच डबे आले. "खा गं बाई. वडिलांचा जीव अडकलाय तुझ्यात."

मी आईला विचारलं, "हा काय प्रकार आहे?"

"शेळी आहे," आई म्हणाली. "मळ्यातली. त्यांनीच नाव ठेवलं."

"शेळीला? माझं?"

"सारखी रुसते म्हणाले. आणि रुसली की दूध देत नाही."

बस्स! मी मोबाईल उचलला, खेळाच्या चित्रावर बोट दाबून धरलं. ते थरथरायला लागलं. तेवढ्यात मागून आरोळी आली, "खाली ठेव!"

मधुसूदनकाका. नानांचे धाकटे भाऊ. काका स्वतः पौरोहित्य करत नाहीत, पण पौरोहित्य करणाऱ्यांच्या चुका काढतात. क्रियाही तेच करत होते. 'मी करते, मुलगी आहे मी त्यांची,' असं मी म्हटलं होतं. त्यावर काका प्रेमाने म्हणाले होते, 'तू पाहुण्यांचं बघ.' तोही राग या हिशेबात धरा.

"गेलेल्या माणसाचं काहीही तेरावा होईपर्यंत मोडायचं नाही," काका म्हणाले. "कपडे नाही, काठी नाही, आणि हे जे काय असेल तेही नाही."

तर खेळ राहिला. आणि त्याच दुपारी दारात दोन अनोळखी माणसं येऊन उभी राहिली.

एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, हातात टोपी. दुसऱ्या नऊवारीतल्या जाड बाई. बाईंनी नानांचा फोटो बघितला आणि मोठ्यांदा रडायला सुरुवात केली. त्या रडण्यात कसलाही आव नव्हता. मी अजून रडले नव्हते. आणि ही कोण, कुठली बाई, माझ्या वडिलांसाठी माझ्याआधी रडते! मी ओठ आवळून पाणी पुढे केलं.

बाई पाणी प्यायल्या, पदराने डोळे पुसले, आणि त्यांनी विचारलं, "उसाला पाणी दिलं का?"

"कुठल्या उसाला?"

"आता गं बया! नानांच्या!"

गृहस्थांनी ओळख करून दिली. ते पुंजाराम, पाचोडचे, एसटीचे निवृत्त चालक. त्या आशाबाई, गंगापूरच्या, घरची कपाशी. दोघंही नानांच्या गावचे. म्हणजे मोबाईलमधल्या. नाना मळ्यात दिसेनात म्हणून विचारत विचारत घर शोधून आले होते. या खेळात माणसं जमून गाव करतात, आणि नाना त्यांच्या गावाचे सरपंच होते. गावाचं नाव 'टेलचं गाव'. टेल म्हणजे कालव्याचं शेपूट, जिथे पाणी कधीच पोचत नाही. नाव अर्थातच नानांनी ठेवलेलं.

"आन् सध्या जत्रा चालू हाय," पुंजाराम म्हणाले. "जत्रा म्हंजी स्पर्धा. जत्रा उठंस्तोवर सरपंचाचा मळा हिरवा पाहिजे. वाळला की गाव बाद! आमी पह्यल्या नंबरावर हावोत, ताई. दुसऱ्यावर कोण हाय, म्हाईत हाय का? 'वरचा मळा!' नाशिककडचे!"

'नाशिककडचे' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा मी 'वाळवी' उच्चारते. यात नवल नव्हतं. वरच्या धरणांतून आपल्याकडे पाणी सुटत नाही, हा नानांचा आयुष्यभराचा जेवतानाचा विषय. आमच्या घरी मीठ कमी पडलं तरी दोष वरच्यांचा.

"दुसरा सरपंच करा," मी म्हटलं.

"जत्रंत सरपंच बदलता येत नाय! आमी शेजारी म्हून एकेक घागर घालतोय रोज. पर घागरीनं ऊस जगतो व्हय?"

माझा आवाज चढला. "अहो, माझ्या घरात प्यायला पाणी नाही! काल मी भांडी कोरड्या राखेनं घासली आहेत! आणि तुम्ही त्या खोट्या उसाला..."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. शोक, संताप, ऊस, सगळं जागच्या जागी राहिलं. मी बादली घेतली. पुंजाराम आणि आशाबाई न सांगता माझ्यामागे धावले. आशाबाईंनी दोन्ही हातांत घागरी घेऊन जी मुसंडी मारली, ती बघून वरच्या मजल्यावरचे बँकवाले साहेब पिंपासकट बाजूला झाले. पिंप काठोकाठ भरलं. मी आभार मानले. पण स्पष्ट सांगितलं, "तेराव्यानंतर मी तो खेळ काढून टाकणार आहे. माफ करा."

आशाबाई एवढंच म्हणाल्या, "जशी तुमची मर्जी, बाई." आणि दोघं गेली. मला वाटलं, मिटलं.

मग दहावा आला.

दहाव्याला आम्ही कायगावला गेलो. गोदावरीचा घाट आहे, पायऱ्या आहेत, फक्त गोदावरी नव्हती. पात्रात गाई बसलेल्या. गुरुजींनी पाण्याचे कॅन सोबत आणले होते. गंगापूर जवळच, म्हणून आशाबाई आलेल्या. पुंजारामही पाचोडहून गाड्या बदलत येऊन एका कडेला टोपी हातात धरून उभे.

पिंड ठेवला. आम्ही सगळे लांब सरकलो. समोरच्या लिंबावर कावळे पुष्कळ होते, पण एकही खाली येईना. एक आला, पिंडाभोवती फेरी मारून निघून गेला. जणू ओळखीचं कुणी नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिलेली असते. मग जवळच्यांनी मोठ्यांदा शब्द द्यायचा असतो. मी पुष्कळ वाचलेलं आहे. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही.

काकांनी सुरुवात केली. "नाना, वहिनींना अंतर देणार नाही!" कावळा ढिम्म.

"नीरजाला एकटं पडू देणार नाही!" कावळ्याने चोच फांदीवर घासली.

"वर्षश्राद्ध काशीला करू!" एक कावळा चक्क उडून गेला.

ऊन तापलं. पलीकडे दुसऱ्या घरची मंडळी त्यांच्या पिंडाची वाट बघत खोळंबलेली. गुरुजींनी घड्याळ बघितलं. "दर्भाचा कावळा करून लावू या का?"

आईने हे ऐकलं. तिचा चेहरा असा उतरला की मला गुरुजींचा, कावळ्यांचा आणि सबंध पक्षिशास्त्राचा संताप आला. ती नुसती त्या पिंडाकडे बघत होती. मी तिचा हात धरला. तो उन्हातसुद्धा गार होता.

आणि कडेला उभे असलेले पुंजाराम एसटीच्या हॉर्नसारख्या आवाजात ओरडले, "नाना! जत्रा उठंस्तोवर तुमचा मळा वाळू देत नाय! नीरजाताई सोता पाणी देतील!"

लिंबावरून एक कावळा सुटला तो थेट पिंडावर! त्याच्या मागे दुसरा, तिसरा. पंगतच बसली!

"शिवला! शिवला!" काका ओरडले. सगळ्यांनी हात जोडले. मग सगळे माझ्याकडे वळले.

"हा योगायोग आहे," मी म्हटलं. "तो कावळा भुकेला होता. तो येणारच होता."

आईने माझा हात दाबला. "नीरजा," ती म्हणाली, "आता पाणी द्यावं लागेल."

झालं! ज्या खेळाला मी कचऱ्यात टाकणार होते, त्याच खेळात आता मला उसाला पाणी द्यायचं होतं. विश्वास माझा नव्हता, पण आईचा होता. कबूल केलेला मळा वाळला असता तर ती मला काहीही बोलली नसती. तेच तर वाईट.

त्याच संध्याकाळी आमच्या घरी आशाबाईंची शिकवणी सुरू झाली. तुमच्यापैकी कुणी 'सोनमळा' खेळत असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. पहिलं, विहिरीच्या मागे धावू नका, आधी बांध घाला. नवा खेळाडू विहीर खोदतो आणि पाणी उताराने शेजाऱ्याकडे पळतं. दुसरं, कोंबड्यांना फार दाणे घालू नका, त्या लठ्ठ होतात आणि अंडी देत नाहीत. (हे खरं आहे की नाही ठाऊक नाही, पण आशाबाई म्हणतात, 'आमच्या खऱ्या कोंबड्याबी अशाच हायेत.') तिसरं, ऊस लावूच नका. लावला की दुसरं काही करता येत नाही. हे मात्र खरं आहे, मराठवाड्यात कुणालाही विचारा.

खेळ कसा वाटला? चीड आणणारा! विहिरीतलं पाणी इतकं निळं की त्याच्यापुढे समोरच्या फलकावरचा तरणतलाव गढूळ वाटावा. कांद्याची पात वाऱ्यावर हलते. ढग आला की तो पडतोच, नुसता हजेरी लावून जात नाही. आणि नानांच्या चाऱ्या! इतरांचे मळे म्हणजे मुलांनी सांडलेले रंग. नानांचा मळा उघडला आणि मी एकेक चारी शेवटपर्यंत बघत गेले. प्रत्येक चारी उताराला धरून आखलेली, प्रत्येक वळणावर दार. आणि सगळ्यांत शेवटच्या तुकड्याला सगळ्यांत आधी पाणी मिळेल अशी सोय. कागदावर राहिलं ते सगळं माणसाने इथे करून ठेवलं होतं, आणि मी शेजारच्या खोलीत बसून 'जेवायला चला' म्हणत होते.

"काय बाई, बघत काय बसलाव?" आशाबाई म्हणाल्या. "घंटा वाजवा!"

मळ्याच्या वेशीवर एक देऊळ होतं. रोज एकदा त्याची घंटा वाजवली की एक पाऊस मिळतो. मी बोट पुढे केलं.

"थांब!" काका दारात. "काय करतेस?"

"घंटा वाजवते. पाऊस मिळतो."

"सुतकात? देवळात?"

"काका, ते मोबाईलमधलं देऊळ आहे!"

"बोट कुणाचं आहे?"

"माझं."

"सुतक कुणाला आहे?"

"मला."

"मग?"

मी तर्कशास्त्राची पुस्तकं वाचलेली आहेत. या युक्तिवादावर त्यांतल्या एकाही पुस्तकात उत्तर नाही. "शेताला पाणी दे, ती सेवा आहे," काकांनी निवाडा दिला. "पण देवळाची पायरी तेराव्यापर्यंत नाही. बाहेरच्या माणसाचं बोट लागेल."

आणि म्हणून, वाचकहो, पुढचे दोन्ही दिवस पुंजाराम सकाळी पाचोडहून पहिली एसटी पकडून गारखेड्याला आले! अंगणात चपला काढायचे, हात धुवायचे (पाव तांब्या पाणी! मी मोजून द्यायची), मोबाईलच्या देवळाला नमस्कार करायचे, एकदा घंटा वाजवायचे आणि चहा घेऊन परतीच्या गाडीला जायचे. घरची विचारायची, भल्या पहाटे कुठं जाता? ते सांगायचे, पाऊस पाडायला.

आमच्या घराच्या छतावर त्या दिवसांत एक थेंब पडला नाही. मोबाईलमध्ये मात्र दोन्ही दिवस बदाबदा! ऊस पडद्याच्या वरच्या कडेला टेकला. शेळीसुद्धा रुसायची थांबली. दूध मात्र देत नव्हती. आई बाजूला येऊन बसायची आणि मी पाणी सोडताना बघायची.

आता तेरावा. जत्रा त्याच दिवशी संध्याकाळी उठणार होती, आणि टेलचं गाव अजून पहिलं होतं!

सकाळी निधनशांत झाली, सुतक फिटलं. काकांनी पहिली गोष्ट काय करावी? सोवळं नेसून, ओल्या अंगाने, मोबाईलच्या देवळाची घंटा स्वतः वाजवली! पाऊस पडला. काकांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "पुन्हा वाजवू?" "रोज एकदाच, काका." "एवढं छान आहे होय हे!" मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मग दानं झाली. छत्री, चपला, अंथरूण. गाईच्या जागी गुरुजींनी नारळ पुढे केला, जमिनीच्या जागी सुपारी. काका पुटपुटत होते. "नारळाला गाय म्हणायचं! सुपारीला शेत! काय हे दान! आमच्या आजोबांच्या वेळी खरी गाय दिली होती, वासरासकट."

दुपारी पंगत बसली. आशाबाई आणि पुंजाराम जेवत होते. मी शेवटचं पाणी सोडत होते. मुख्य दारावर अंगठा दाबून धरायचा, चाऱ्या भरेपर्यंत सोडायचा नाही. एवढं झालं की मळा संध्याकाळपर्यंत हिरवा, शब्द पाळला, आई मोकळी, मी मोकळी.

टँकरचा भोंगा वाजला.

त्या दिवशी घरात इतकी माणसं होती की टँकर चुकवणं शक्य नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं. काका रिकामे होते. "काका, फक्त अंगठा दाबून धरा. दुसरं काही, काहीसुद्धा करू नका!"

"जा गं तू. मी काय लहान आहे?"

टँकरवाल्याने पाईप व्हरांड्यात दिला. मी पिंप भरत होते. अर्धं भरलं, पाऊण भरलं. आणि आतून काकांचा गहिवरलेला आवाज आला, "तरले! नाना तरले!"

मी तशीच आत धावले. "काय केलंत?"

काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अगं, याचक आला! पडद्यावर खालून पसरलेला हात आला. 'वरचा मळा दान मागत आहे.' आज तेराव्याला दाराशी आलेला माणूस रिकाम्या हाती पाठवू? एक घागर दिली. तर विचारतात, आणखी काय देणार? आणि ओळीने सगळं मांडलेलं गं! शास्त्रात सांगितलंय ते सगळं! गाय होती, धान्य होतं, भूमी होती, विहीर होती! नारळ नाही, सुपारी नाही, खरी गाय! मी नानांच्या नावाने संकल्प सोडला आणि सगळं दिलं!"

"सगळं?"

"शेळीसकट!"

पंगतीत पुंजाराम उठून उभे राहिले. हातात जिलबी तशीच. "कुणाला दिलं म्हणता?"

"वरचा मळा म्हणून कुणी आहेत. फार नम्र वाटले."

"अवो काका!" पुंजारामांचा आवाज फाटला. "नानांनी जलमभर वरच्यांकडं पाणी मागितलं! आन् तुमी त्यान्लाच हीर देऊन बसला!"

मोबाईलमधल्या बाईने लग्नाच्या उत्साहात सांगितलं, "टेलचं गाव बाद झालं आहे! वरचा मळा पहिल्या क्रमांकावर!"

मग माझं तोंड सुटलं. "कुणाला विचारून दिलंत? नानांचं होतं ते! क्रिया तुम्ही केलीत, घंटा तुम्ही वाजवलीत, दान तुम्ही केलंत! मला काय ठेवलंत? पाहुणे? एक मळा होता! हातानं आखलेला! एवढंच उरलं होतं त्यांचं, आणि ते तुम्ही अंगठ्यानं..." मी हातवारे करत होते. काका मागे सरकत होते. भिंतीपर्यंत गेले तरी हात वर करून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. सगळी पंगत "अहो! अहो!" म्हणून ओरडत होती. मला वाटलं, मला थोपवताहेत. मी आणखी जोरात ओरडले. मग कळलं, की टँकरचा पाईप माझ्या हातातच होता. चालू!

काकांचं त्या दिवशीचं दुसरं स्नान झालं. पत्रावळी तरंगल्या. आशाबाई ओरडल्या, "पाणी चाललं! धरा!" आणि सगळी पंगत उठली. गुरुजींनी पंचपात्र लावलं, कुणी वाटी, कुणी जिलबीचं भांडं, बँकवाले साहेब घरून आणलेला डबा! दुष्काळात पाणी सांडलं की आमच्याकडे माणूस आधी ते धरतो, नंतर शोक करतो. मी मध्ये उभी होते आणि रडत होते. नाना गेल्यानंतर पहिल्यांदाच. सगळ्यांचेच चेहरे ओले होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आईच्या आलं. तिने माझ्या हातातला पाईप काढून बाहेर पिंपात सोडला. मग ओल्या पदराने मोबाईल पुसला आणि पुंजारामांना विचारलं, "मळा वाळला का हो?"

पुंजारामांनी चष्मा पुसून बघितलं. "वाळला नाय, वहिनी. हिरवागार हाय. पर आता त्यांच्या हद्दीत."

"तुम्ही शब्द काय दिला होता? वाळू देणार नाही, एवढाच ना?"

"व्हय. पर..."

"मग झालं," आई म्हणाली. "कावळ्याला काय सातबारा वाचता येतो?"

कुणीतरी हसलं. काकांनी कोपऱ्यातून हळूच विचारलं, "म्हणजे पोचलं ना?"

"पोचलं," आई म्हणाली. "आयुष्यभर वरचं पाणी खाली आणायला निघाले होते. शेवटी खालचं वर गेलं. ते असते तर आधी शिव्या दिल्या असत्या, मग हसले असते."

तेवढ्यात मोबाईल पुन्हा बोलला. "नाना! नीरजा नव्या घरी पोचली आहे! नीरजा आनंदात आहे! नीरजा दूध देते आहे!"

आईने माझ्याकडे बघितलं. माझी चाळिशी उलटलेली, लग्नाचा विषय घरात केव्हाच बंद झालेला. "बघ," आई म्हणाली, "सासरी गेल्याबरोबर सुधारली." आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की आशाबाईंना तिला धरून बसवावं लागलं.

ठरल्याप्रमाणे तेराव्यानंतर मी तो खेळ काढून टाकला. नानांच्या मोबाईलमधून. माझ्या मोबाईलमध्ये असलाच तर तो माझा प्रश्न आहे. सरपंच पुंजाराम आहेत, चाऱ्या मी उताराला धरून आखते, आणि पुढच्या जत्रेत नाशिककडच्यांकडून विहीर परत आणायची आहे. राग उतरलेला नाही. मी फक्त त्याला बांध घातला आहे.

मी एक शेळीही पाळली आहे. तिचं नाव मधुसूदन. आवाज मी मुद्दामच मोठा ठेवते. परवा काका आले होते, आई स्वयंपाकघरात होती, आणि मोबाईल ओरडला, "मधुसूदन उपाशी आहे! मधुसूदन रुसला आहे!"

काकांनी पाट ओढला आणि आत बघून म्हणाले, "वहिनी, ऐकलंत ना? वाढा आता!"